सवार पडला, तर

चैत्र लागला की आमच्या कंपनीच्या कॅन्टीनची पश्चिमेकडची खिडकी मी बंद करून टाकते. कुणी विचारलं तर सांगते, झळ येते. झळ येतेच, ते काही खोटं नाही. पण त्या खिडकीतून घाटातल्या लाउडस्पीकरचा आवाजही येतो. "झाली रं झाली" आणि मग तो लांबलचक "भिर्रर्र". जेवणाच्या सुट्टीत पोरं ताटं तशीच टाकून खिडकीशी धावतात, कुणाचा गाडा किती सेकंदांत आला यावर हुज्जत घालतात. मी आपली भाकरी मोडत बसते. यंदा एका नव्या पोरानं, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा असावा, मला विचारलं, "ताई, तुम्ही तर इथल्याच ना? तुम्हाला शर्यतीचा नाद नाही?"

"होता," मी म्हटलं आणि खिडकीची कडी लावली.

आमच्या भागात घाट म्हणतात तो बैलगाडे पळवायचा चढ. दोन्ही अंगांना बांध, मधून मातीची रुंद पट्टी, वर निशाण. गाव तिथं घाट, आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा. गाड्याला चार बैल जुंपतात. गाड्यावर हाकणारा कुणी नसतो. बैलांना सरळ वर न्यायचं काम असतं घोडीचं. ती पुढं पळते, पाठीवर एक सवार, आणि मागून बैल उधळत येतात. अशा एका धावेला बारी म्हणतात, सगळा खेळ बारा-तेरा सेकंदांचा. तेवढ्या वेळात घोडीच्या आणि बैलांच्या मध्ये फार तर एका खाटेएवढं अंतर असतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या अंतरातच घडलं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, घोडदळात होते. हे सांगितलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे रणगाड्यावर?" नाही हो, घोड्यावर. खऱ्या, खाणाऱ्या-पिणाऱ्या, लाथा मारणाऱ्या घोड्यावर. आपल्या देशात असं घोडदळ आता नावापुरतं उरलंय, त्यात दादा तिकडं राजस्थानात वीस वर्षं होते. सवार म्हणून भरती झाले आणि दफेदार, म्हणजे पायदळातल्या हवालदाराएवढे, होऊन परत आले. गावानं मात्र त्यांना 'मेजर' करून टाकलं. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. दादा दर वेळी चिडून सांगायचे, "मेजर न्हाई, दफेदार." आणि समोरचा म्हणायचा, "व्हय मेजर."

लहानपणी शाळेतली मुलं मला विचारायची, तुझ्या वडिलांनी किती दुश्मन मारले? मी घरी येऊन तोच प्रश्न दादांना विचारला. ते घोडीला खरारा करत होते. हात न थांबवता म्हणाले, "एक बी न्हाई. घोडी पुसली, दाणा घातला, परेडी केल्या. लढाईत घोड्यावर कोण बसतंय आता?" मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी शाळेत सात दुश्मन सांगितले.

मी चौथीत असताना ते कायमचे घरी आले. आल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी घोडी घेतली, आणि आईनं पहिल्या महिन्यातच डोक्याला हात लावला. कांद्याचं रान, ज्वारी, दोन बैल, एक म्हैस, आणि वर ही घोडी कशाला? पण दादांचा दिवस घोडीवरच उघडायचा. पहाटे साडेचारला उठून आधी हौदावर तिला पाणी, मग खरारा, खूर साफ करणं, मग दाणा. तिचं झालं की मग चहा. आजारी असले तरी, सणवार असला तरी, घरात लग्न असलं तरी हाच क्रम. "आधी घोडं, मग सवार," म्हणायचे. आई पुटपुटायची, "आन मंग बायको."

चैत्रात आमच्या घराला एक विशिष्ट वास असायचा. उपटलेल्या कांद्याच्या पातीचा, लिंबाच्या मोहराचा, आणि खोगिराच्या चामड्याला चोळलेल्या तेलाचा. कांदा चाळीत पडला की यात्रा आलीच. यात्रेत दादा घोडी धरायचे. 'घोडी धरणे' म्हणजे गाड्यापुढं घोडी पळवणं. गावात बाकीचे सवार अंग झोकून, ओरडत, टाचा मारत जायचे. दादांची पाठ मात्र ताठ, तोंडातून शब्द नाही, लगाम दोन बोटांत. आम्ही बायका-मुली देवळाच्या गच्चीवरून बघायचो, घाटात उतरायची पद्धत नव्हती. खालून मेजर, मेजर असा कल्ला व्हायचा. त्या बारा सेकंदांत मला सात दुश्मनांची लाज वाटेनाशी व्हायची.

याच दिवसांतली एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. कांदा काढून मोकळं झालेलं रान, आणि दादा घोडीवरून मुद्दाम पडताहेत. चांगला चाळिशीचा माणूस, एका बाजूला घसरतो आणि ढेकळांत धप्पकन पडतो. घोडी पुढं पळाली की तिला परत आणतात, पुन्हा बसतात, पुन्हा पडतात. मी बांधावर पोट धरून हसत होते. शेवटी कधीतरी घोडी थांबली, वळली आणि त्यांच्या डोक्याशी येऊन उभी राहिली. ते उठले, अंगावरची माती झटकली, तिला गुळाचा खडा दिला. मला म्हणाले, "हसतीस काय? सवार पडला, तर घोडं उभं ऱ्हायला पायजे. घोडं पळालं की सवार संपला. आमच्याकडं ज्या घोड्याला ह्ये येत न्हाई, त्ये घोडं शिकल्यालं न्हाईच."

"मग घाटात?" मी विचारलं.

त्यांचं हसू गेलं. "घाटातल्या घोडीला ह्ये शिकवायचं न्हाई. थितं मागनं बैल असत्यात." त्या दिवशीची घोडी कुणा पाहुण्याची होती, लग्नाच्या वरातीची. आमची घाटाची घोडी गोठ्यात बांधलेली होती. तिला त्यांनी कधी हे शिकवलं नाही. एका विद्येचा वारा दुसरीला लागू द्यायचा नाही, असा त्यांचा कडक हिशेब होता.

वर्षं गेली. माझं लग्न होऊन मी दापोडीला आले, रेल्वेच्या रुळांशेजारच्या गल्लीत. आई गेली. आमच्या रानावर खांब रोवले गेले, मग तारा, मग भिंती. ज्वारीच्या जागी आता गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्या आहेत, त्यातल्याच एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गंमत अशी की माझं टेबल जिथं आहे, तिथं साधारण आमचा लसणाचा वाफा असावा. घर, त्यामागचा वीसेक गुंठ्यांचा तुकडा, गोठा आणि हौद एवढं राहिलं. विहीर आटली, तसा हौदात टँकरचं पाणी येऊ लागलं. माझा धाकटा भाऊ संदीप आणि वहिनी तिथंच राहायचे.

आणि मग शर्यतीच बंद झाल्या. कोर्टाचा निकाल आला आणि घाट ओस पडले. बांधावर गवत माजलं, पट्टीवर पोरं क्रिकेट खेळू लागली. लोकांनी बैल विकले, घोड्या विकल्या. जुनी घोडी मेल्यावर दादा आता नवी घेणार नाहीत असं आम्हाला वाटलं. पण त्यांनी एक शिंगरू आणलं, तांबूस अंगाचं, कपाळावर पांढरा टिपका असलेलं. नाव ठेवलं मैना.

मैना घाटासाठी नव्हतीच. घाट पुन्हा सुरू होणार नाहीत, असं दादांनी मनाशी पक्कं धरलं होतं. त्यामुळे त्यांनी तिला फक्त आपली विद्या दिली, सगळीच्या सगळी. दुडकी, चौखूर दौड, मागं सरकणं, एका पायावर वळणं. पहाटे ते तिला कंपन्यांच्या रस्त्यानं रपेटीला न्यायचे. नव्या कोऱ्या गाड्या लादलेले लांब ट्रेलर तिथं रांगेनं उभे असतात, त्यांच्या ब्रेकची हवा फिस्सकन सुटली की कुठलंही घोडं उधळेल. मैना कान हलवायची, बस्स. गेटवरचे वॉचमन उठून सलाम ठोकायचे आणि दादा सलाम घ्यायचे. आमच्या बसमधल्या पोरी म्हणायच्या, "ताई, तुमचे बाबा!" मी खिडकीतून बघायचे आणि उगाच इकडं-तिकडं बघितल्यासारखं करायचे. इतक्या वर्षांनंतरही मला त्यांची थोडी लाज वाटायचीच. आज त्या लाजेची लाज वाटते.

आणि पडल्यावर उभं राहणंही शिकवलं. साठी कधीच ओलांडलेली, तरी स्वतः पडून शिकवलं. गुडघा सुजला, तो कायमचा. मी रागावले तर म्हणाले, "आता कुठं घाट हाय? शिकवलं तर बिघडलं काय?"

मैना सात-आठ वर्षांची झाली आणि शर्यतींना परवानगी मिळाली. गावात फटाके वाजले. बांधावरचं गवत जेसीबीनं एका दिवसात निघालं. कमिटीची माणसं घरी आली, गुलाल उधळतच. "मेजर, पहिली बारी तुमच्या घोडीची पायजे." दादा त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. म्हणाले, "ती घाटाची घोडी न्हाई." लोकांना वाटलं, म्हातारा भाव खातोय.

खरी ओढ होती संदीपला. चाळिशी आलेला, कंपनीच्या टेम्पोवर ड्रायव्हर, आयुष्यात कधी टाळ्या घेतलेल्या नाहीत. दादांना घाटात बघत तो लहानाचा मोठा झाला, आणि त्याची पाळी आली तेव्हा नेमके घाट बंद. आठवडाभर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. वहिनीनं मला बोलावून घेतलं.

दादा हौदाच्या कडेला बसले होते. मी विचारलं, "दादा, नेमकी भीती कसली?"

"संद्या पडला, तर मैना उभी ऱ्हाईल," ते म्हणाले. "मागं चार बैल. कळलं?"

मला कळलं होतं. नीट कळलं होतं. पण मला संदीपचा चेहरा दिसत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही पुन्हा एकदा देवळाच्या गच्चीवर उभं राहायचं होतं. मी म्हटलं, "तो कशाला पडतोय? त्याची हौस तर बघा. एवढं वर्ष द्या त्याला." दादा हौदावरून उठले आणि मैनेकडं गेले. मुलीचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

मग तीन आठवडे त्यांनी जे केलं, ते मी एका रविवारी बघितलं आणि परत बघायला गेले नाही. शिकवलेलं ते काढायला निघाले होते. मागच्या तुकड्यात संदीप मैनेवरून मुद्दाम पडायचा, आणि ती थांबली की दादा बाजूनं लिंबाची ओली फोक तिच्या मागच्या पायांवर मारायचे. चल, थांबू नको, पुढं हो. जन्मात ज्यांनी घोड्यावर हात उचलला नाही, ते. मैना पहिल्यांदा थांबली, मार खाल्ला, चार पावलं गेली, वळून परत संदीपच्या डोक्याशी येऊन उभी राहिली. तिला वाटलं असणार, आपलं काहीतरी चुकलं, अजून जवळ उभं राहायला हवं. पुढच्या खेपेला ती आणखी लवकर थांबली, आणखी जवळ उभी राहिली, आणि मान वळवून दादांकडे गुळासाठी बघू लागली. दादांनी फोक मोडून फेकून दिली. तिच्या पायांवरचे वळ तेलानं चोळत बसले. "न्हाई निघत," एवढंच म्हणाले.

यात्रेच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः तिला खरारा केला, खूर बघितले. संदीपला फेटा बांधताना त्याला म्हणाले, "पडू नगंस." दुसरी कुठलीही सूचना दिली नाही.

पहिल्या दोन बाऱ्या मी गच्चीवरून बघितल्या. काय पळाली मैना! संदीपची पाठ अगदी दादांसारखी ताठ. खालून मेजर, मेजर ओरडा झाला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भंडाऱ्यानं सगळा घाट पिवळा झालेला. माझ्या शेजारच्या म्हातारीनं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या घटकेला मी इतकी सुखी होते की ते लिहितानाही मला अपराधी वाटतं.

तिसऱ्या बारीला निम्म्या चढावर संदीप घसरला. का, ते त्यालाही सांगता येत नाही. भंडाऱ्यानं तिची पाठ निसरडी झाली होती म्हणतात. तो पडला आणि मैना त्याच पावलावर थांबली. वळली. आणि त्याच्यावर उभी राहिली, त्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून, तोंड बैलांकडं. लाउडस्पीकरवरचा माणूस गप्प झाला. पुढची बैलजोडी तिच्यावर येऊन आदळली, फुटून दोन बाजूंना गेली, गाडा कलंडला आणि चाक संदीपच्या मांडीवरून गेलं. ती तिथं नसती तर चारी बैलांचे खूर आणि गाडा त्याच्या छातीवरून जाणार होते. घाटातल्या सगळ्यांनी नंतर हेच सांगितलं.

मी गच्चीवरून खाली घाटात कशी आले मला आठवत नाही. संदीपभोवती शंभर माणसं होती. कुणी पाणी पाजत होतं, कुणी फेट्यानं पाय बांधत होतं, रुग्णवाहिका मागं मागं येत होती. आणि तिथून पंधरा-वीस पावलांवर मैना तीन पायांवर उभी होती. चौथा गुडघ्याखालून लोंबत होता. तिच्यापाशी फक्त दादा होते. त्यांनी तिचा लगाम काढला. खांद्यावरच्या उपरण्यानं तिच्या मानेवरचा भंडारा पुसायला घेतला, वरून खाली, केसांच्या ओढीनं, रोज सकाळी पुसायचे तसं. "शाबास," म्हणत होते. "शाबास बाय. बरोबर केलंस." जनावरांचे डॉक्टर आले, पाय बघितला आणि नुसती मान हलवली. इंजेक्शन देईपर्यंत दादा तिचं तोंड छातीशी धरून होते. रुग्णवाहिका निघाली तेव्हा वहिनी दारातून ओरडली, "दादा, चला की!" ते वळले नाहीत.

हे संदीपला लागलं. दवाखान्यात प्लास्टर घातलेला पाय टांगून तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मी मरता मरता वाचलो ताई, आन बाप घोडीपाशी." दोन दिवसांनी दादा त्याला भेटायला आले, तेव्हा त्यानं तोंडावरच विचारलं. दादा खाटेच्या पायथ्याशी उभे होते, टोपी हातात. म्हणाले, "तुज्यापाशी समदा गाव व्हता. तिच्यापाशी कोन व्हतं?"

त्या उत्तरामागं आणखी एक गोष्ट होती, ती मला खूप आधी एकदा त्यांनी सांगितली होती. फौजेत त्यांचा गुलाब नावाचा घोडा होता. अकरा वर्षं एकच घोडा. पलटणीतल्या घोड्यांच्या खुरावर नंबर डागतात, खूर वाढतो तसा तो नंबर खाली सरकतो, झिजतो, मग परत डागायचा. गुलाबचा नंबर दर वेळी दादाच डागून घ्यायचे, दुसऱ्याच्या हाती देत नसत. एका वर्षी ते कांदा काढायला रजेवर घरी आले आणि तिकडं गुलाब पोटशुळानं गेला. दोन दिवस झुंजला म्हणे. परत गेले तर त्याच्या ठाणावर, बांधायच्या जागेवर, दुसरं घोडं. "आपुन नव्हतो," एवढंच दादा म्हणाले होते, आणि विषय बदलला होता.

दवाखान्यातून सुटल्यावर संदीप आणि वहिनी मोशीला तिच्या भावाच्या फ्लॅटवर गेले. लिफ्ट होती, कमोड होता, पायाला सोयीचं. दादांना किती सांगितलं, आले नाहीत. एकटेच राहिले. मी रविवारी जायचे, भाजी-भाकरी करून ठेवायचे. ते अजून साडेचारला उठायचे, अजून हौदाशी जायचे. रिकामा गोठा झाडून काढायचे. खरारा धुऊन वाळत घालायचे. मी एकदा म्हटलं, "दादा, कुणासाठी?" तर म्हणाले, "हाताला सवय हाय."

वैशाखाच्या शेवटच्या रविवारी मी निघाले, तशी ते माझ्यामागं रस्त्यापर्यंत आले. असं कधी करत नसत. म्हणाले, "आजचा दिस ऱ्हा की, सुमे."

"उद्या ऑडिट आहे दादा. बाहेरून माणसं येणार. पुढच्या रविवारी राहते."

"व्हय. काम म्हंजी काम." मग म्हणाले, "आज जरा बरं वाटत न्हाई. काय न्हाई, ऊन लागलं असंल."

मी कपाळाला हात लावून बघितला. गार होतं. लिंबूपाणी घ्या म्हटलं, आणि समोरून येणारी बस धरली. खिडकीतून बघितलं, तर ते अजून तिथंच उभे होते.

सोमवारी पहाटे कधीतरी ते हौदाशी पडले. साडेचारला उठत, म्हणजे पाचच्या आसपास. अर्धं अंग गेलं होतं. साडेदहाला टँकरवाला हौद भरायला आला, त्यानं बघितलं. साडेपाच तास. आमच्या कंपनीची बस घरामागच्या रस्त्यानंच जाते. गोठ्याचा पत्रा खिडकीतून स्पष्ट दिसतो, रोज बघते. त्या सोमवारी पावणेसातला बस तिथून गेली. मी मांडीवर ऑडिटच्या फायली घेऊन बसले होते आणि मान वर केली नाही.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात ते नऊ दिवस होते. सगळ्यांनी जीव तोडून केलं. एक तरुण डॉक्टरीणबाई मला हळूच म्हणाल्या, "थोडं लवकर सापडले असते तर." त्या काही टोचून बोलल्या नाहीत, पण मला ते वाक्य आजही पाठ आहे. दादांची वाचा गेली होती. डावा हात मात्र चालायचा, दोन बोटं सारखी हलायची, लगाम धरल्यासारखी. मी त्या बोटांत माझं बोट दिलं. त्यांनी धरलं. माझ्यावर राग होता की नव्हता, हे सांगायला त्यांच्यापाशी शब्द नव्हते, आणि विचारायला माझ्यापाशी तोंड नव्हतं. संदीप कुबड्यांवर आला, पायथ्याशी उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला. दहाव्या दिवशी सकाळी ते गेले.

संदीप आता लंगडत चालतो. यंदा कमिटीनं उत्तम घोडी धरणाऱ्याला दादांच्या नावानं ढाल ठेवली आहे. घाटाच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लागलाय, त्यावर दादा, मैना आणि खाली ठसठशीत 'मेजर'. संदीपचा फोन आला होता, "ताई, ढाल तुज्या हातानं द्यायची म्हणत्यात." मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "दफेदार लिवा म्हनून मी तीनदा सांगितलं व्हतं गं."

मी तिथं जात नाही. मी वैशाखातल्या शेवटच्या सोमवारी घरी जाते. पहिल्या वर्षी गेले, दुसऱ्या वर्षी गेले, यंदाही रजेचा अर्ज आधीच टाकून ठेवलाय. दापोडीहून रिक्षा करून पहाटेच निघते आणि पाचला हौदाशी पोचते. जिथं ते पडले होते तिथं जमिनीवर बसते. संदीप मोशीलाच राहिला, त्यामुळे घर बंद असतं, गोठा मोकळा. काही करत नाही. साडेपाच तास म्हणजे किती, हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही. आधी पाखरं. मग देवळातली घंटा. मग पहिल्या शिफ्टचे हॉर्न, एकामागून एक. मग ट्रेलरच्या ब्रेकची फिस्स. पावणेसातला आमची बस घरामागून जाते. तिच्या खिडक्यांमधली माणसं दिसतात, कुणी झोपलेलं, कुणी फोनमध्ये. हौदाकडे कुणी बघत नाही. आठच्या पुढं ऊन तोंडावर येतं. ते बाजूला होऊ शकत नव्हते, म्हणून मीही होत नाही.

साडेदहाला टँकर येतो, हौदाचं पाणी आता आजूबाजूची घरं नेतात. पहिल्या वर्षी त्याच टँकरवाल्यानं मला बघून घाबरून ब्रेक मारला होता. आता तो काही विचारत नाही. पाइप हौदात सोडतो, पाणी चालू करतो आणि गाडीच्या सावलीत माझ्यापासून थोडा लांब उभा राहतो, हौद भरेपर्यंत. मग मी उठते.